वाचले असे समजावे

सभालेखकांनी त्या सोमवारी रजिस्टरच्या शेवटच्या पानावर तिरकी रेघ मारली असती, तर पुढचं काहीच घडलं नसतं. नियम तसाच होता. सभेचं इतिवृत्त लिहून झाल्यावर पानावर जागा उरली, तर तिच्यावर तिरकी रेघ ओढायची, म्हणजे मागाहून कुणाला काही घुसडता येत नाही. अठ्ठावीस वर्षं त्यांनी ही रेघ न चुकता ओढली होती. (घरच्या वाणसामानाच्या यादीखालीसुद्धा ओढत. बायकोने एकदा त्या रेघेखाली साबण लिहिला, तर साबण काही आला नाही.)

पण तो सोमवार वेगळा होता. महिनाअखेरीस त्यांची छोटी नगरपालिका शेजारच्या मोठ्या पालिकेत विलीन व्हायची होती. शेवटची सभा शुक्रवारी झाली. रविवारी त्यांनी नेहमीप्रमाणे जेवणाच्या टेबलावर बसून पेन्सिलीने कच्चा खर्डा लिहिला, सोमवारी कचेरीत येऊन तो शाईने रजिस्टरात उतरवला. बारा ठराव झाले. पानाचा तिसरा हिस्सा कोरा राहिला. सभालेखक त्या कोऱ्या जागेकडे बघत बसले आणि त्यांना स्वतःचीच फार कीव आली.

कारण असं, की त्यांचं लिहिलेलं आजवर कुणी वाचलंच नव्हतं. प्रत्येक सभेचा पहिला विषय ठरलेला असे: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. सभालेखक रजिस्टर उघडून उभे राहत, घसा साफ करत, आणि तेवढ्यात छापखानेवाले सदस्य डोळे न उघडता म्हणत, “वाचले असे समजावे.” बाकीचे सोळा सदस्य माना हलवत. अध्यक्ष सही करत. सभालेखक साफ केलेला घसा तसाच घेऊन खाली बसत. छापखानेवाल्यांचा यात दोष नव्हता. दिवसभर अक्षरांतच काढणाऱ्या माणसाला संध्याकाळी आणखी अक्षरं नको वाटतात. पण अठ्ठावीस वर्षं म्हणजे थोडीथोडकी नव्हेत.

त्यातच त्या सकाळी चहा गार मिळाला होता. तसं बोलून दाखवल्यावर बायको शांतपणे म्हणाली होती, की मी दोनदा हाक मारली. घरातही आपलं म्हणणं कुणी नोंदवून घेत नाही, हा विचार मनात घेऊनच ते कचेरीत आले होते. शेवटी त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि त्याच वळणदार अक्षरात, त्याच गंभीर भाषेत लिहिलं:

“ठराव क्र. १३. सभालेखकांच्या घरी सकाळचा चहा गेली अकरा वर्षे सातत्याने कोमट मिळत असल्याबद्दल ही सभा तीव्र खेद व्यक्त करते व यापुढे तो कढत मिळावा असे ठरविते. सर्वानुमते मंजूर.”

लिहून झाल्यावर त्यांना फार बरं वाटलं. उरलेल्या दोन बोटं जागेवर त्यांनी नियमाप्रमाणे तिरकी रेघ ओढली.

हे शेवटचं इतिवृत्त कायम करायला निरोप समारंभातच दहा मिनिटांची विशेष सभा ठेवली होती. पालिकेच्या अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या, गाव लोटलं होतं, सभालेखकांची बायको तिसऱ्या रांगेत बसली होती. सदस्यांनी एकेक करून आपापली कामं सांगितली. दवाखान्याच्या उंच पायरीखाली अर्धी पायरी बसवून घेतली ती आपण, असं अध्यक्षांनी सांगितलं. तीच अर्धी पायरी नंतर उपाध्यक्षांनीही बसवली. बसथांब्याचं बाक उन्हातून सावलीत आपणच हलवलं, असं छापखानेवाले म्हणाले. प्रत्येक वाक्याला बायको मनापासून टाळ्या वाजवत होती. मग इतिवृत्ताचा विषय आला, सभालेखकांनी घसा साफ केला, आणि छापखानेवाले शेवटचं म्हणाले, “वाचले असे समजावे.” अध्यक्षांनी सही केली. सतरा माणसांनी सभालेखकांच्या चहाबद्दल तीव्र खेद व्यक्त केला आणि ते जेवायला गेले.

दुसऱ्या दिवशी रजिस्टरं पेट्यांत भरून मोठ्या पालिकेत गेली. त्या पेट्यांबरोबर गेलेला शिपाई परत आला तो बातमी घेऊनच. तिथल्या मुख्याधिकारी बाई सगळं वाचतात. चाळत नाहीत, वाचतात. आधीच्या गावी त्यांनी नऊ वर्षांपूर्वीचा एक विसरलेला ठराव उकरून काढला आणि पूर्ण करून घेतला म्हणे. शिवाय आता दोन पालिकांचे सभालेखक दोन आणि जागा एक. कोण राहणार आणि कोण जुन्या सामानाच्या गोदामात जाणार, ते बाई रजिस्टरं वाचून ठरवणार होत्या.

सभालेखकांच्या तोंडचं पाणी पळालं. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. पानं क्रमांकाची, रजिस्टर मोहोरबंद, आता एक अक्षर खोडायची सोय नाही. आठवडाभर त्यांना अन्न गोड लागलं नाही. गोदामाची भीती होतीच. पण तो ठराव कधी ना कधी बायकोच्या कानावर जाणार, ही त्याहून मोठी होती. चहा गार असतो हे तिला तोंडावर सांगणं वेगळं आणि सतरा माणसांकडून मंजूर करून घेणं वेगळं, एवढं त्यांना कळत होतं. (हे त्यांना लिहिण्याआधी कळायला हवं होतं, पण लिहिताना त्यांचं डोकं कधीच मध्ये येत नसे.)

आणि पत्र आलं. विषय: ठराव क्र. १३ ची अंमलबजावणी. मुख्याधिकारी रविवारी सकाळी साडेआठ वाजता स्वतः स्थळपाहणीस येतील.

शनिवारी सभालेखकांनी बायकोला सुचवलं, की थोरल्या बहिणीकडे दोन दिवस जाऊन ये. बायकोने त्यांच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण स्वतःहून बहिणीकडे जा म्हणण्याची ही पहिलीच वेळ होती. काय फुटलंय ते सांगा, असं ती म्हणाली; सभालेखकांनी वर्तमानपत्र उघडून तोंडासमोर धरलं, आणि ती काही गेली नाही.

रविवारी ते सहालाच उठून स्वयंपाकघरात जाऊन बसले. चहा उकळताना तिथेच हजर राहिलं की तो कढतच मिळणार, असा त्यांचा हिशोब होता. बायको म्हणाली, की असे टक लावून बघत बसलात तर दूध उतू जाईल. ते उतू गेलं. ती ओटा पुसत होती तेवढ्यात बेल वाजली.

मुख्याधिकारी बाई लहानखुऱ्या होत्या, चष्मा जाड होता, आणि खांद्यावरच्या कापडी पिशवीत ते रजिस्टर होतं. बायकोने तिघांचा चहा ओतला. बाईंनी कपाभोवती तळहात धरला, एक घोट घेतला आणि पिशवीतून एक फॉर्म काढून त्यावर काहीतरी लिहिलं.

“कढत आहे,” त्या म्हणाल्या.

“कढतच असतो,” बायको म्हणाली. “पण तुम्ही ते लिहून का घेताय?”

बाईंनी रजिस्टर उघडून तिच्यापुढे सरकवलं. बायकोने ठराव वाचला. मग पुन्हा एकदा वाचला. सभालेखक टेबलाच्या कडेवरचा एक ओरखडा बारकाईने न्याहाळत होते.

“सर्वानुमते?” ती म्हणाली.

सभालेखकांनी मान खाली घातली.

“सतरा माणसं, आणि एकालाही वाटलं नाही, की घरच्या बाईला विचारून तरी बघावं?”

तिचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच त्यांना तो फार लागला. त्यांना तिथल्या तिथे माफी मागायची होती, पण परक्या माणसासमोर शब्द फुटेना, आणि तेवढ्यात बाईच पुढे बोलू लागल्या. तेरा नंबरचं काम झालं, त्या म्हणाल्या, पण खरं तर त्या दुसऱ्याच कामासाठी आल्या होत्या. रजिस्टरात त्यांनी निळ्या कागदाच्या चिठ्ठ्या घातल्या होत्या. एकोणीस. प्रत्येक ठरावाखाली सूचक कोण, अनुमोदक कोण, हे लिहिलेलं असतं. या एकोणीस ठरावांखाली दोन्ही नावं नव्हती, फक्त ‘सर्वानुमते’ होतं, अगदी तेराव्यासारखं. आणि गावातली कामाची म्हणावीत अशी कामं नेमकी याच ठरावांतून झाली होती. म्हणून त्यांना वाटलं होतं, की हे सगळे सभालेखकांचेच.

सभालेखकांनी चिठ्ठ्यांची पानं उघडली. दवाखान्याच्या पहिल्या पायरीखाली अर्धी पायरी बसवावी, म्हाताऱ्यांना चढता येत नाही. बसथांब्याचे बाक सावलीत हलवावे. वाचनालय संध्याकाळी सहा ते आठ उघडे ठेवावे, कामावरून येणाऱ्या बायकांना दुसरी वेळ नसते. अक्षर त्यांचं, शाई त्यांची. पण यातलं एकही वाक्य आयुष्यात पूर्वी पाहिल्याचं त्यांना आठवेना.

“तुमचं स्नान चाळीस मिनिटं चालतं,” बायको म्हणाली.

दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

“खर्डा टेबलावर असायचा. मी वाचायचे. चांगलं लिहिता तुम्ही, मी एक सभा चुकवलेली नाही. एकदा सासूबाईंना घेऊन दवाखान्यात गेले होते. त्या पायरीवरून पडता पडता वाचल्या. त्या रविवारी खर्ड्यात चार ओळी जास्तीच्या लिहिल्या, पेन्सिलीनेच, तुमच्यासारख्या.”

“मला बोलली नाहीस,” सभालेखक म्हणाले.

“तुम्हीच विचाराल म्हणून थांबले. म्हटलं, उतरवताना वाचतील, घरी येऊन विचारतील, हे काय लिहिलंस म्हणून. सोमवारी दिवसभर वाट पाहिली. तुम्ही आलात, जेवलात, झोपलात. आठ महिन्यांनी पायरी झाली.”

अठ्ठावीस वर्षं ज्या एका वाचणाऱ्यासाठी सभालेखक झुरले, तो वाचणारा घरातच होता आणि त्यांच्याच टेबलावर लिहीत होता. आणि ते स्वतः त्या छापखानेवाल्यांपेक्षा काही वेगळे निघाले नव्हते. उलट छापखानेवाले डोळे मिटून म्हणत, हे तर डोळे उघडे ठेवून उतरवत होते. त्यांना लाज वाटली, आणि तिचा अभिमानही वाटला, आणि यातलं आधी काय सांगावं हे न कळल्याने त्यांनी कपातला उरलेला चहा पिऊन टाकला.

बाईंनी चष्मा पुसला. हे सगळं भयंकर बेकायदेशीर आहे, त्या म्हणाल्या, आणि आपण ते ऐकलेलं नाही. मात्र नव्या प्रभाग समितीत नागरिकांमधून एक सदस्य नेमायचा होता आणि तशा माणसाच्या त्या महिनाभर शोधात होत्या. यापुढे जे सुचवायचं ते खुर्चीत बसून, नाव लावून सुचवावं, असं त्यांनी बायकोला सांगितलं. बायकोने पदराला हात पुसले आणि सभा किती वाजता असते ते विचारलं.

“आणि माझं?” सभालेखकांनी घाबरत घाबरत विचारलं.

“तुम्ही समितीचे सभालेखक,” बाई म्हणाल्या. “समोर येईल ते जसंच्या तसं उतरवता, हे आता सिद्धच झालंय.”

बाई गेल्यावर त्यांनी बायकोची माफी मागितली. मागायला बराच वेळ लागला, पण मागितली. पुढचा खर्डा आपण डोळ्यांत तेल घालून वाचू, असंही सांगितलं. ती फक्त बरं म्हणाली.

समितीची पहिली सभा झाली. रविवारी खर्डा लिहिला, स्नान केलं, सोमवारी रजिस्टरात उतरवला. मग दुसरी सभा आली. जुन्या पालिकेतून निवडून आलेले छापखानेवाले तिथेही होते. पहिला विषय पुकारला गेला, सभालेखकांनी घसा साफ केला, आणि छापखानेवाल्यांनी डोळे मिटून म्हटलं, “वाचले असे समजावे.”

“नको,” बायको म्हणाली. “वाचून दाखवा.”

छापखानेवाल्यांनी डोळे उघडले. अठ्ठावीस वर्षांनी कुणीतरी हे म्हटलं होतं, आणि म्हणणारी ती होती. सभालेखक ताठ उभे राहिले आणि वाचू लागले. आवाज खणखणीत लागला. पहिले सहा ठराव लोकांनी मन लावून ऐकले. त्याच भरात त्यांनी सातवा घेतला:

“सभालेखकांच्या घरी चहा कोमट होण्याच्या कारणांची सभेने चौकशी केली. चहा वेळेवर व कढत दिला जात असून सभालेखक तिसऱ्या हाकेनंतर येतात, असे आढळून आले. सबब चहात कोणत्याही सुधारणेची आवश्यकता...”

इथे त्यांचा आवाज थोडा बसला, पण सुरू केलेलं वाक्य अर्ध्यावर सोडण्याची त्यांना सवय नव्हती.

“...नाही. सभालेखकांत आहे.”

अध्यक्षस्थानी बसलेल्या मुख्याधिकारी बाईंनी सूचक कोण म्हणून विचारलं. बायकोने हात वर केला. अनुमोदक विचारल्यावर सगळ्यांनी केला. छापखानेवाल्यांनी तर दोन्ही. ठराव कायम झाला, बाईंनी सही केली.

सभालेखक खाली बसले. ते वाचायला उभे राहिले तेव्हाच शिपाई त्यांच्यापुढे चहा ठेवून गेला होता. त्यांनी कप तोंडाला लावला. चहा पार गार झाला होता. समोरून बायको त्यांच्याकडेच बघत होती, म्हणून त्यांनी तो एक शब्द न बोलता शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.