मेणबत्तीचं कडवं

धोंडूबाईंनी भाट्ये गावातल्या आपल्या घराच्या दोन खोल्या पर्यटकांसाठी काढल्या आणि पहिलंच बुकिंग परदेशी बाईचं आलं.

"आई, तुला इंग्रजीचा गंध नाय," हर्षद डोंबिवलीहून फोनवर म्हणाला. "हिला सांभाळून दाखव. नायतर खोल्या बंद, आणि तू इकडे यायचंस."

डोंबिवलीच्या नुसत्या नावाने धोंडूबाईंचा जीव गुदमरे. त्यांनी शेजारचे निवृत्त श्रीपती मास्तर गाठले. मास्तर भिडस्त. एकेक शब्द पुन्हा पुन्हा घोकून घेत.

"पिलो म्हणजे?"

"आता येत होता ओ मास्तर!"

मास्तरांना वाटे, आपल्यालाच शिकवता येत नाही. मग एका संध्याकाळी त्यांनी बाईंना सगळ्या आरत्या न अडखळता म्हणताना ऐकलं. त्यांनी शब्द अर्थासकट आरतीच्या चालीत बसवले. 'सॉल्ट मीठ, स्पून चमचा, पिलो उशी...' टाळ्यांसकट पाठ! अडचण एकच राहिली. आरती मधूनच उचलता येईना.

पाहुणी आली, क्लारा तिचं नाव. हर्षदही परीक्षा घ्यायला हजर झाला. दिवेलागणीला क्लारा न्हाणीघरात गेली आणि लाईट गेली.

"कँडल! कँडल!"

"काय मागते, ओळख," हर्षद म्हणाला. "मी सांगायचा नाय."

धोंडूबाईंनी डोळे मिटले, टाळी धरली. "सॉल्ट मीठ, स्पून चमचा..."

आरती ऐकून पलीकडच्या गंगुबाई निरांजन घेऊन धावत आल्या. मागून झांजा आल्या, मास्तरही आले. कँडल होती शेवटच्या कडव्यात.

"आई, थांब गो!"

"आरती मधे तोडतात काय रे?" गंगुबाई खेकसल्या. "टाळ्या वाजव!"

हर्षद टाळ्या वाजवू लागला. अखेर 'कँडल मेणबत्ती' आली. धोंडूबाई मेणबत्ती घेऊन धावल्या, तोच लाईट आली. दारात ओल्या केसांची क्लारा उभी. तीही टाळ्या वाजवत होती.

"झालं! आई, पातळं भर बॅगेत," हर्षद म्हणाला.

क्लारा मोबाईलशी तिच्या भाषेत काही बोलली. मोबाईल सपाट आवाजात मराठीत म्हणाला, "माझे इंग्रजी अत्यंत कच्चे आहे. हा वर्ग उत्कृष्ट आहे. मी महिनाभर राहू इच्छिते. पुढचे कडवे कधी?"

कोपऱ्यात मास्तरांना घाम फुटला. पुढचं कडवं त्यांनी रचलंच नव्हतं.

धोंडूबाईंनी पदर खोचला.

"उद्या," त्या म्हणाल्या. "हर्षद, सांग तिला, आजचं आधी नीट घोकून ये म्हणावं."