पाटीवरची शेपटी

फ्लेन्सबुर्गच्या वकिलाची नोटीस आली तेव्हा श्यामकांत साठे चहात बिस्किट बुडवत होते. बिस्किट तुटून तळाला गेलं, ते त्यांनी जाऊ दिलं. नोटीस बायकोच्या नावाने होती.

सुलेखाचं म्युनिकच्या एका यू-बान, म्हणजे भुयारी रेल्वेच्या, स्टेशनात सूपचं छोटं दुकान होतं. राबणं तिचं, नाव आणि पाकिटं फ्लेन्सबुर्गच्या कंपनीची. फ्रँचायझी म्हणतात याला. कंपनीचं 'बॉम्बे सूप' म्हणजे कोमट पिवळं पाणी. सुलेखाने त्यावर जिरं-कढीपत्त्याची फोडणी घालायला सुरुवात केली आणि दुपारची रांग जिन्यापर्यंत जाऊ लागली. कंपनीला रांग दिसली नाही, फोडणी तेवढी दिसली. पाककृती बदललीत, दुकान काढून घेऊ, म्हणे. आणि तंटा, करारात लिहिल्याप्रमाणे, फ्लेन्सबुर्गच्याच कोर्टात. म्हणजे जर्मनीच्या पार दुसऱ्या टोकाला. दर तारखेला दुकान बंद ठेवून ही बाई तिथवर येणार नाही, हे त्या लबाडांना पक्कं ठाऊक होतं.

सुलेखाच्या वकीलबाई फ्राऊ केसलर मात्र निवांत होत्या. छोट्या दुकानदाराला असं आपल्या गावी फरफटत नेता येत नाही, कायदाच त्याच्या बाजूने उभा आहे, कलम बाद, खटला म्युनिकलाच, असं त्यांनी नवराबायकोला समोर बसवून समजावलं.

"फक्त करार करताना तुमच्या पत्नी नोंदणीकृत व्यापारी नव्हत्या ना?" त्यांनी श्यामकांतांना विचारलं. "नोंदलेल्या व्यापाऱ्याला कायदा शहाणा समजतो. त्याने सही केली की संपलं."

श्यामकांतांच्या तोंडचं पाणी पळालं.

त्याचं असं होतं की साठ्यांच्या घराण्यात नावापुढे अक्षरं नसलेला माणूस मोजतच नसत. श्यामकांतांच्या दारावर बी. ई., एम. एस.; वडिलांच्या दारावर तर निवृत्त होऊन जमाना झाला तरी हुद्दा. त्या घरची सून सूप विकते, हे महाराष्ट्र मंडळात कुठल्या तोंडाने सांगायचं? तेव्हा करार व्हायच्या आधीच यांनी शोध लावला, की हौस असेल तर किरकोळ दुकानदारालाही नोंदणी करून नावापुढे 'ए. का.' लावता येतं. नोंदणीकृत व्यापारी! गरज काडीची नव्हती. पण यांनी नोटरीची वेळ ठरवली, सुलेखाला तिकडे पिटाळलं आणि स्वतः दुकानाची पाटी रंगवून आणली. गणपतीत मंडळातल्या भास्कररावांना ती दोन अक्षरं अशी ऐकवली, की त्या बिचाऱ्याला वाटलं वहिनींनी डॉक्टरेट केली.

आता वकीलबाईंसमोरच कबुली देणं आलं. मान खाली घालून ते मराठीत पुटपुटले, "सुलेखा, ती नोंदणी मी हौसेपायी करायला लावली. दुकान माझ्यामुळे जाणार."

"नाही जाणार," सुलेखा म्हणाली. "मी गेलेच नव्हते नोटरीकडे."

"अगं, पण मी विचारलं तेव्हा झालं म्हणालीस."

"तुम्ही पाटी आणलीच होती ना. म्हटलं, यांचं तेवढ्यावर भागतंय, तर अर्धा दिवस कशाला घालवा?"

एवढ्या मोठ्या थापेबद्दल रागवावं की बायकोचे पाय धरावेत, हे साहेबांना ठरवता येईना. फ्राऊ केसलरनी व्यापाऱ्यांचं रजिस्टर तपासून घेतलं. सुलेखा त्यात कुठेही नव्हती, करारावरही तिने 'ए. का.'शिवाय नुसतं नावच लिहिलं होतं. उत्तर गेलं, आणि म्युनिकला खेटे आपल्यालाच घालावे लागणार हे कळताच कंपनीला फोडणी एकदम चालू लागली. पण न मिळवलेली अक्षरं मिरवणं हाही गुन्हाच, तेव्हा पाटी आजच्या आज साफ करा, असं केसलरबाईंनी त्या भेटीतच बजावलं होतं.

त्याच दुपारी भर रांगेसमोर श्यामकांत स्टुलावर चढून पाटी खरवडत होते. नेमके भास्करराव जिन्यावरून उतरले.

"साठे, हे काय चाललंय?"

श्यामकांतांनी खरवडण्याचा जोर वाढवला. आतून सुलेखाच म्हणाली, "डिग्री परत करतायत. तुम्हाला सूप देऊ ना, भाऊजी?"

भास्कररावांनी सूप घेतलं आणि फोडणी जास्त मागितली. श्यामकांत अजून स्टुलावरच होते. 'का' निघाला होता, 'ए' काही केल्या निघत नव्हता.