प्रेस शॉपमधली बारा वर्षं

वेबसाइटवर ‘आमचं नेतृत्व’ असं एक पान हवं, असं वैष्णवीने सांगितलं तेव्हा शेखर थेटे जरा चपापले. सातपूरच्या दोन खोल्यांतली त्यांची कंपनी कारखान्यातलं यंत्र कधी बिघडणार हे आधीच सांगणारं सॉफ्टवेअर विकत असे. म्हणजे विकायचा प्रयत्न करत असे. माणसं तीन: सॉफ्टवेअर लिहिणारा धम्मपाल, बाकी सगळं करणारी वैष्णवी आणि नेतृत्व.

“सर, तुमचा आधीचा अनुभव सांगा.”

“बारा वर्षं टाइम ऑफिसला. हजेरी, रजा, गेटपास. यंत्राला हात म्हणशील तर पंच मशीनला, तोही अंगठा लावण्यापुरता.”

“टाइम ऑफिस होतं कुठे?”

“प्रेस शॉपला लागून. पत्रे दाबून भाग काढतात, त्या खात्याला.”

वैष्णवीने ‘प्रेस शॉपलगत बारा वर्षं’ असं लिहिलं. थेटेंना ‘लगत’ खटकलं. त्यांनी स्वतः बसून ते ‘प्रेस शॉपमध्ये’ केलं. मग हात चालू लागला, तेव्हा धम्मपालविषयीचा मजकूरही त्यांनीच लिहून टाकला. शेवटी पिवळं हेल्मेट घालून फोटो काढला. हेल्मेट स्कूटरचं नव्हतं, एवढाच त्यातला खरेपणा.

आठवड्याने सिन्नरहून कारखानदार गेणूशेठ सांगळेंचा फोन आला. “साहेब, तुमचं वाचलं. आमच्यात खंडेनवमीला या. ऑर्डरीचं तवाच बोलू.”

थेटे हरखले. धम्मपालला पुण्याहून नोकरीचं बोलावणं आलं होतं. दिवाळीपर्यंत एक तरी ऑर्डर मिळाली नाही तर तो जाणार होता, आणि तो गेला की कंपनीत विकण्यासारखं काही उरणार नव्हतं.

खंडेनवमीला थेटे आणि धम्मपाल सिन्नरच्या कारखान्यात पोचले. यंत्रांना झेंडूच्या माळा होत्या. पाने, हातोड्या, पकडी पाटावर मांडून त्यांना हळदकुंकू वाहिलं होतं. आरती झाली, नारळ फुटला, पेढा हातावर पडला. थेटे तो तोंडात टाकणार एवढ्यात गेणूशेठ म्हणाले, “साहेब, ही मोठी प्रेस लय दिवस अडून बसलीय. आमच्या पोरांना काय उमजंना. आता तुमचाच हात लागू द्या.”

कामगार गोल करून उभे राहिले. धम्मपाल छताकडे बघू लागला. प्रेसचं तोंड कुठलं आणि पाठ कुठली, हेसुद्धा थेटेंना कळेना. पाटावरचा सर्वांत मोठा पाना गेणूशेठनी बोटाने दाखवला आणि थेटेंना त्यावरचं कुंकू दिसलं.

“शेठ, आज हत्यारं पूजेला लावलीत,” ते हळूच म्हणाले. “आज त्यांना हात लावायचा नसतो.”

गेणूशेठनी हातच जोडले. “हेच बघायचं हुतं मला. बघा रं, ह्याला म्हणायचं हाडाचा कामगार. मागल्या कंपनीवाल्यानं पूजेतला हातोडा उचलला न् लागला ठोकायला. त्याला तसाच वाटंला लावला. ऑर्डर तुमचीच, साहेब.”

थेटेंच्या जिवात जीव आला. त्यांनी लगबगीने बॅगेतून कागद काढला. “मग इथे एक सही करता, शेठ?”

“आज कशी करू? पेन बी पूजेलाच लावलाय.” गेणूशेठ समजुतीने हसले. “तुमाला काय सांगायचं, तुमी जाणते. उद्या दसरा. सकाळी या, आधी प्रेस खोला, मग लगेच सही.”

परतताना गाडी मोहदरी घाट उतरली तेव्हा थेटेंनी स्वतःच्या कपाळाला हात लावून पाहिला. मग म्हणाले, “धम्मपाल, मला उद्या ताप येणार आहे. तूच जा. तू खरा इंजिनिअर.”

“मी कम्प्युटरचा, सर.”

“मग तसं सांग की त्यांना. यंत्रातलं कळत नाही म्हण.”

“सांगितलं असतं, पण ते माझंही वाचून बसलेत. ‘प्रेस दुरुस्तीचं सगळं काम थेटेसरांच्या हाताखाली शिकला’, असं आहे तिथे.”

“कुणी लिहिलं हे?”

 धम्मपालने थेटेंच्या बाजूची काच थोडी खाली केली, कारण त्यांना खरोखरच घाम फुटला होता.