लागेल तेवढंच

"आई, तुमचा कॉम्प्युटर म्हातारा नाही, लठ्ठ झालाय," जावईबापूंनी निदान केलं. "सगळं पुसून विंडोजच्या जागी कोरं लिनक्स टाकतो. मग लागेल तेवढंच वर चढवायचं. सांगा, काय काय लागतं?"

सासूबाईंचा चार वाजता शिवणकामाचा ऑनलाइन वर्ग होता. मागच्या वर्गात कॉम्प्युटर तीनदा अडकला आणि बारापैकी चार जणी गळाल्या. उरलेल्या आठ जणी आज गेल्या, तर गाशाच गुंडाळावा लागणार होता. त्यांनी नीट विचार केला. "मी त्यांना दिसले पाहिजे, त्या मला दिसल्या पाहिजेत. बस्स."

दोन वाजेपर्यंत जुनं सगळं गेलं आणि काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ लुकलुकू लागली.

"हे काय?" सासऱ्यांनी विचारलं.

"लिनक्स! किती सुटसुटीत, बघा बाबा."

"भाडेकरू घर सोडून गेल्यासारखं दिसतंय."

चित्र दाखवणारे प्रोग्राम इंटरनेटवरून उतरवायचे होते. त्यासाठी वायफाय हवं, आणि वायफाय चालवणारा प्रोग्राम जावईबापूंनी फालतू म्हणून वगळला होता. आता तोही इंटरनेटवरूनच आणायचा! आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? त्यांनी आपला मोबाइल वायरने जोडला, रेंजसाठी तो सासऱ्यांच्या हातात देऊन त्यांना खिडकीत उभं केलं आणि घाम पुसत म्हणाले, "सगळं ठरल्याप्रमाणे चाललंय." चारला दोन मिनिटं असताना आठही चेहरे पडद्यावर उमटले.

सासूबाई तासभर अखंड बोलल्या. काजं, हातशिलाई, मध्येच नणंदेच्या झंपराची गोष्ट. एकदाही काही अडकलं नाही. बायका निमूट बघत होत्या आणि अधूनमधून चौकोन पाठवत होत्या. ओळीच्या ओळी, नुसते चौकोन.

"हे काय पाठवतायत?" वर्ग संपल्यावर सासूबाईंनी विचारलं.

"मराठी अक्षरं टाकायची राहिली, आई. आत्ता टाकतो."

अक्षरं आली. पहिली ओळ होती, 'बाई, आवाज येत नाही.' दुसरी, तिसरी, चौथीही तीच. जावईबापूंचा चेहरा पडला.

"आवाज टाकला नव्हता?" सासूबाई कडाडल्या.

"तुम्ही सांगितलाच नाहीत!"

"मला काय ठाऊक! माझा आवाज माझ्या गळ्यात असतो, तो यंत्रात कशाला टाकायचा?"

आठही गेल्या, असं धरून त्यांनी खालच्या ओळी वाचायला घेतल्या. 'हात छान दिसतायत.' 'एरवी ऐकता ऐकता टाके चुकायचे, आज काजं जमली.' आणि शेवटी, 'पुढचा वर्गही असाच घ्या. दोन मैत्रिणींना आणते.'

सासूबाईंनी शेवटची ओळ पुन्हा दोनदा वाचली. ते पाहून सासरे मोबाइल घेऊन खिडकीतून हळूहळू जवळ आले.

"आवाज टाका," सासूबाई अखेर म्हणाल्या. "त्यांचं मला ऐकू यायला हवं. पण माझा बंद कुठून करायचा, तेवढं दाखवा."

"जावईबापू," सासरे घाईघाईने म्हणाले, "ते मलाही दाखवून ठेवा."