कोर्टालाच अधिकार नाही

सात दिवसांची साधी कैद ऐकल्यावर कारभारीला पहिल्यांदा आठवल्या त्याच्या गाभण मेंढ्या. "अकरा जणी व्यायला आल्यात अन् मी जेलात?" बांधावरच्या भांडणात शेजारच्या बंकटाच्या पाठीत काठी घातल्याची ही शिक्षा. काठीचं त्याला दुःख नव्हतं. वेळ तेवढी चुकली होती.

"तीस दिवसांत अपील करायचं, मामा," उज्ज्वला वकीलबाईंनी बजावलं. "तोवर शिक्षा थांबलीय."

कारभारी तारखा पाळत नसे, बाजार पाळे. युसूफ वडगावचे चार आठवडी बाजार म्हणजे अठ्ठावीस दिवस, वर दोन शिल्लक. हिशेब चोख होता. फक्त मधला एक बाजार मतदानामुळे भरलाच नाही आणि न भरलेला बाजार मोजायची त्याच्या घराण्यात पद्धत नव्हती. चौथा बाजार उरकून तो वकीलबाईंकडे पोचला, तो पस्तिसावा दिवस.

"उशीर झाला, मामा!"

"आसा कसा? एकबी बाजार सोडला न्हाई."

अपील फेटाळलं गेलं. वकीलबाई दुसऱ्या खटल्यात अडकलेल्या, म्हणून कारकुनानंच निकालाची शेवटची ओळ वाचून दाखवली. मुदतीनंतर आलेलं हे अपील ऐकण्याचा या न्यायालयास अधिकार नाही. कारभारीनं 'अधिकार नाही' तेवढं पक्कं धरलं, नक्कल घेतली आणि एसटी गाठली.

"सायबानं सोताच लिवून दिलंय," त्यानं पारावर जाहीर केलं. "कोर्टाला माझ्यावर अधिकार न्हाई."

"सहीनिशी?" बंकटानं विचारलं.

"शिक्काबी हाय की बे!"

बंकट पाठ चोळत जवळ सरकला. विजेच्या तारेवर आकडा टाकल्याची एक केस त्याच्यावरही होती. "कारभारी, मलाबी आसला एक कागद काढून दे की."

चौथ्या दिवशी पोलीस शिपाई मंजुषा वॉरंट घेऊन दारात उभी राहिली. कारभारीनं लॅमिनेशन केलेला निकाल पुढं केला. तिनं तो दोनदा वाचला.

"बरोबर हाय, मामा. कोर्टाला अधिकारच न्हाई."

"ऐकलं का गं?" कारभारी बायकोकडं, सिंधुबाईकडं वळला.

"तुमाला सोडायचा," मंजुषानं वाक्य पुरं केलं.

ती काही बोलणार, तोच मेंढ्यांच्या वाडग्यातून व्यायची राहिलेली अकरावी मेंढी कळवळून ओरडली. कारभारी जागचा हलेना. मंजुषानं वाडग्याकडं बघितलं, मग घड्याळाकडं.

"किती येळ लागंल?"

"आडली तर दुपार होती."

मंजुषानं टोपी काढून बाजेवर ठेवली आणि बाह्या सारल्या.

"चला, पाणी गरम करा. दुपारपातूरचा उशीर माफ करायचा अधिकार मला हाय."