शेलारकाका बोर्डापुढं चालले

आधीच माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, आणि मी आजवर जे लिहिलं ते बहुतेक अर्जच. ‘महोदय’ लिहिल्याशिवाय हात पुढं सरकत नाही. अशा माणसानं कुणाचं व्यक्तिचित्र लिहू नये हे मला कळतं. पण शेलारकाकांबद्दल दुसरं कुणी लिहील असं वाटत नाही, म्हणून लिहितो.

शेलारकाका माणसाकडे नुसतं बघून तो कुठल्या सरकारी योजनेत बसतो ते सांगतात. कुणी विचारलेलं नसतं.

नारायण पेठेत माझ्या खोलीखाली झेरॉक्सचं दुकान आहे. त्याच्या दारात, प्लास्टिकच्या खुर्चीवर, उजवा पाय समोर सरळ ताणून ते बसलेले असतात. दुकान त्यांचं नाही. खुर्चीही नाही. वाशिमहून नवीन आलो तेव्हा मी तिथं शिष्यवृत्तीच्या कागदांच्या झेरॉक्स काढायला गेलो. काकांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही.

“आधार बँकेला जोडलंय का?”

“बहुतेक,” मी म्हणालो.

“बहुतेकच्या खात्यात सरकार पैसे टाकत नाही. जा, बघून ये.”

जोडलेलं नव्हतं. त्या दिवसापासून मी त्यांचा झालो.

दुकानाचे मालक मशीनमधून मान वर न काढता म्हणतात, “शेलार, तुम्ही दारात बसल्यापासून लोक मला झेरॉक्स मागत नाहीत. पेन्शन मागतात.” काकांना ही तारीफ वाटते.

आमच्या मेसच्या मावशींच्या मुलाचं लग्न होतं. अंगावर अक्षता पडत होत्या आणि काका माझ्या कानात म्हणाले, “नवऱ्याची आजी बघ. पासष्टच्या पुढं आहे. बसते.” पंगतीत त्यांनी बरोबर आजींच्या शेजारची खुर्ची धरली. जिलेबी येईपर्यंत आजी शाळा सोडल्याचा दाखला कुठून आणायचा या काळजीत होत्या, कारण त्या शाळेत गेल्याच नव्हत्या. काकांनी त्यावरही तोड सांगितली. आजींनी खूश होऊन स्वतःची जिलेबी त्यांच्या पानात वाढली.

एकदा पाठीला लॅपटॉपची बॅग लावलेला आयटीतला मुलगा कागदांच्या झेरॉक्स काढायला आला. काकांनी त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं.

“नोकरी गेली का?”

“अॅक्च्युअली, मी ब्रेकवर आहे.”

“ब्रेक तुम्ही घेतला, का कंपनीनं दिला?”

मुलगा झेरॉक्स बॅगेत भरायला लागला.

“मग पीएफमधले काढता येतील. लाजायचं काय त्यात? तुमचेच आहेत. आणि रोजगार कार्यालयात नाव नोंदवून ठेवा. लगेच कोणी बोलावत नाही, पण नाव असलेलं बरं.”

मुलगा त्यांना ‘थँक्यू सर’ म्हणून गेला. ‘सर’ ऐकून काका दिवसभर खुर्चीत जरा सरळच बसले होते.

पण त्यांची खरी हौस म्हणजे चालायची शिकवणी. अपंगत्व चाळीस टक्के किंवा जास्त आहे असं सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या बोर्डानं लिहून दिलं, तरच दर महिन्याचं अनुदान मिळतं. आता बोर्ड म्हटलं की माणूस घाबरतो. कुणी उगाच जास्त वाकतं, कुणी एकदम ताठ होतं. म्हणून काका लोकांना झेरॉक्सच्या दुकानापासून दूध डेअरीपर्यंत चालायला लावतात आणि खुर्चीतून ओरडतात, “नाटक नको. लाजणं पण नको. जसं घरी चालता तसं तिथं चाला.” कुबडी घेतलेले एक गृहस्थ, मान थरथरणाऱ्या एक आजी आणि मागं हॉर्न वाजवणाऱ्या रिक्षा, अशी ती मिरवणूक बघून एकदा मालकांनी विचारलं, “शेलार, ढोल सांगू का?”

तुम्हाला वाटेल, या माणसाचं स्वतःचं सगळं मार्गी लागलं असणार. मलाही तसंच वाटायचं. पण काका स्वतः नापास झाले होते.

काका पूर्वी टेम्पो चालवायचे. मार्केट यार्डात माल उतरवताना मागचा फाळका गुडघ्यावर पडला आणि पाय वाकायचा तो कायमचा थांबला. टेम्पो विकला. तेव्हापासून काकू मंडईत लिंबू-कोथिंबीर विकतात, त्यावर दोघांचं घर चालतं. आता काकूंची कंबर पहाटेचं ओझं उचलू देत नाही. अनुदान आलं तर त्या दोन पोत्यांऐवजी एक आणतील, एवढा साधा हिशोब होता.

तर बोर्डाच्या दिवशी काका इस्त्रीचा शर्ट घालून, बुटांना पॉलिश करून गेले. लिफ्ट होती, तरी जिन्यानं गेले.

“दुखतं का?” डॉक्टरांनी विचारलं.

“छे.”

“जिना चढता येतो?”

“आत्ताच चढून आलो.”

“मांडी घालता येते?”

“गरजच पडत नाही.”

चाळीसच्या खाली टक्के मिळाले. मी विचारलं, “काका, तुम्हीच असं कसं केलंत?” तर म्हणाले, “मी घरी चालतो तसाच चाललो.” हा युक्तिवाद मला तेव्हा फार विनोदी वाटला. मी रूमवर सगळ्यांना सांगितला.

फेरतपासणीसाठी अर्ज केला, तारीख मिळाली. आदल्या दिवशी काकू मला मंडईत भेटल्या. कोथिंबिरीवर पाणी मारत म्हणाल्या, “उद्या त्यांच्याबरोबर तू जा. मी येत नाही.”

“का काकू?”

“मागच्या खेपेला मी दारात उभी होते. मी दिसले की त्यांचा पाय बरा होतो. लागलं तेव्हा दवाखान्यात मी फार रडले होते रे. तेव्हापासून माझ्यापुढं लंगडत नाहीत. घरात ताठ. रस्त्यात ताठ. मग मीच चप्पल चावते म्हणून हळू चालते. इतकी वर्षं चावतेय माझी चप्पल. नवी घेऊन दिली त्यांनी, ती पण चावते.”

त्या हसल्या आणि माझ्या पिशवीत दोन लिंबं टाकली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर तेच होते. “चालून दाखवा,” म्हणाले. काकांनी दाराकडे बघितलं. दारात फक्त मी होतो.

मग ते चालले. मी त्यांना बहुतेक वेळा खुर्चीतच बघत आलो होतो. टेबलापासून खिडकीपर्यंत तो पाय न्यायला त्यांना कमरेपासून सगळं अंग फेकावं लागत होतं. मध्ये एकदा त्यांनी भिंत धरली.

“जिना?”

“एकेक पायरी. कठडा धरून.”

“दुखतं?”

काकांनी पुन्हा एकदा दाराकडे बघितलं. “झोपताना,” म्हणाले.

बाहेर आम्ही चहा घेतला. काकांनी बशीत चहा ओतला आणि बराच वेळ प्यायला नाही. “नाटक तर नाही ना वाटलं?”

“नाही काका.”

“हिला सांगू नकोस.”

टक्के या वेळी पुरेसे मिळाले. मग अनुदानाचा अर्ज गेला आणि महिने गेले. काका लोकांना योजनांत बसवत राहिले, मी परीक्षा दिली. दिवाळीला मी वाशिमला घरी होतो, तेव्हा काकूंचा फोन आला.

“झालं बाबा. मंजूर झाल्याचा मेसेज आलाय.”

“काका कुठं आहेत? द्या ना त्यांना.”

“चहा ठेवायला उठलेत. आत्ताच गेले माझ्यासमोरून. लंगडत गेले रे.”