सातव्या पानाची तळटीप

सत्राच्या निबंधाला सहा आठवडे होते. जिंजा शहरातल्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असलेल्या तेन्यवाने त्यातले पाच नियोजनात घालवले. त्याने पुठ्ठ्यावर वेळापत्रक आखलं. वाचन निळ्या रंगात, टिपणं हिरव्या, लेखन लाल. खोलीत येणारा प्रत्येक जण ते पाहून मान डोलवायचा आणि तेन्यवा खुशीत येऊन आणखी एखादी रेघ मारायचा. विषय होता 'सरोवरावरच्या मासेमारीत बायकांचा वाटा'. सरोवर कॉलेजपासून चालत अर्ध्या तासावर. पण तिथे जाऊन बायकांशी बोलण्याचा रकाना पिवळा ठेवायचा होता, आणि पिवळी पेन्सिल काही मिळाली नाही.

सहाव्या आठवड्यात वाचनालयाच्या खालच्या फळीवर त्याला एक जुनी पुस्तिका सापडली. मुखपृष्ठ आणि पहिली चार पानं वाळवीने खाल्ली होती, त्यामुळे लेखक कोण ते कळत नव्हतं. बाकी मजकूर मात्र अगदी त्याच्या विषयावरचा. तेन्यवाने शब्द थोडे इकडचे तिकडे केले, हाताने चौदा पानं उतरवली आणि गुरुवारी दुपारी ती फाटकासमोरच्या टायपिंगच्या दुकानात नेऊन दिली.

दुकान नांगोबीबाईंचं. वीस वर्षं त्या कॉलेजच्या पोरांचे निबंध टाइप करत आल्या होत्या. पोरं त्यांना मावशी म्हणत, आणि त्यांच्या वेगाबद्दल आदराने बोलत. शुक्रवारी पावणेपाचला तेन्यवा धापा टाकत आला, प्रिंटरमधून निघालेली गरम गरम पानं दोन प्रतींत घेतली, एक ऑफिसात कारकुनाच्या हाती देऊन तिच्यावर शिक्का उमटलेला पाहिला आणि समोरच्या गाडीवर अंड्याची गुंडाळलेली चपाती घेऊन बसला. खाता खाता दुसरी प्रत चाळू लागला.

सातव्या पानावर त्याचं वाक्य होतं, बायका 'मुकेने' नावाची बारीक मासळी चार दिवस उन्हात वाळवतात. त्यावर छोटासा आकडा होता. तो त्याने टाकलेला नव्हता. पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलं होतं : 'हे साफ खोटं आहे. कडक ऊन असलं तर एक दिवस पुरे. चौथ्या दिवशी ती मासळी बगळासुद्धा हुंगणार नाही. लिहिणाऱ्याने मासळी फक्त ताटात पाहिली आहे. – नांगोबी.'

तेन्यवाने चपाती खाली ठेवली आणि भराभर पानं उलटली. नवव्या पानावर, बायका होडीत पाऊल ठेवत नाहीत या वाक्याखाली, नांगोबीबाईंच्या आत्याने अठरा वर्षं होडी कशी वल्हवली याची हकिकत होती. अकराव्या पानाच्या तळाशी नुसतंच 'अरेरे' होतं.

तो धावत दुकानात गेला. नांगोबीबाई शांतपणे कॉम्प्युटरवर फडकं मारत होत्या. आपण सरोवराच्या काठावर जन्मलो, असलं काही डोळ्यांदेखत छापून जाऊ द्यायला हात धजावले नाहीत, असं त्यांनी सांगितलं. त्याच्या वाक्यांना मात्र आपण बोट लावलेलं नाही, हेही सांगितलं. तिथून तो ऑफिसात पळाला. कारकून कुलूप लावत होता. निबंधांचा गठ्ठा डॉक्टर मुवांगुझी घरी घेऊन गेले होते.

डॉक्टर मुवांगुझी म्हणजे वर्गात कुणी खोकलं तरी पुरावा मागणारे गृहस्थ. शनिवार-रविवार तेन्यवा खोलीत वेळापत्रकाकडे पाठ करून बसून राहिला. या विषयात नापास झाला तर वर्ष जाणार होतं, आणि गावाकडे बाप आत्ताच सगळ्यांना 'आमचा पदवीधर' म्हणून सांगत सुटला होता. सोमवारी सकाळी बोलावणं आलंच.

टेबलावर त्याचा निबंध होता. शेजारी तीच पुस्तिका, पण धड मुखपृष्ठाची. त्यावर ठळक अक्षरांत नाव होतं, मुवांगुझी.

तेन्यवाला बसायला कुणी सांगितलं नव्हतं, तरी तो बसला.

"सर, त्या तळटिपा माझ्या नाहीत," तो कसाबसा म्हणाला.

"कळलं मला. वरचा निबंधही तुझा नाही. तो माझा आहे." डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे या चौदा पानांत नवीन म्हणावं असं जे काही आहे, ते तळाशीच आहे. ही नांगोबी कोण?"

तेन्यवाने सगळं सांगून टाकलं, पिवळ्या पेन्सिलीसकट. डॉक्टर उठले आणि त्याला पुढे घालून फाटकाकडे निघाले.

नांगोबीबाईंनी डॉक्टरांना कधी पाहिलेलं नव्हतं. चार दिवसांचं ते कोणा शहाण्याने लिहिलं, असं त्यांनी सरळ विचारलं. तेन्यवा डॉक्टरांच्या पाठीमागून हातवारे करत राहिला.

"मीच लिहिलं," डॉक्टर म्हणाले. "डोळ्यांनी पाहून लिहिलंय. चार दिवस काठावर बसून होतो मी."

बाईंनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि पायाने स्टूल पुढे सरकवलं.

"बसा. पावसाळ्यात गेला असाल."

डॉक्टर स्टुलावर टेकले. मग त्यांना आठवलं. चारही दिवस पाऊस होता, आणि तंबू गळत होता.

"मग ती मासळी वाळत नव्हती, सर," बाई म्हणाल्या. "ती तुमच्यासारखीच उघाडीची वाट बघत होती."

डॉक्टर इतके हसले की शेजारच्या दुकानातला न्हावी वस्तरा हातात घेऊन बघायला आला. तासभर ते तिथेच बसून विचारत राहिले आणि पाकिटांच्या पाठीवर टिपत राहिले. निघताना त्यांनी निकाल दिला. तेन्यवाने दोन आठवड्यांत नवा निबंध लिहायचा. माहिती देणारी म्हणून बाईंचं नाव पहिल्या पानावर घालायचं, आणि या वेळी पुस्तिकेला हात लावायचा नाही.

बाई कबूल झाल्या, पण सांगायचं आणि टाइप करायचं, दोन्ही एकदम जमायचं नाही म्हणाल्या. तेव्हा दुसऱ्या दिवशी तेन्यवा कॉम्प्युटरपुढे बसला आणि बाई पाय पसरून, शेंगा सोलत सांगू लागल्या. आत्यापासून सुरुवात झाली. आत्या भारी भांडकुदळ होती, म्हणून तिला होडीतून उतरवायची कुणाची छाती झाली नाही. तेन्यवाला ते निबंधात शोभेलसं वाटेना. त्याने गुपचूप 'ठाम मतांची' असं टाइप केलं.

बाईंनी शेंगा बाजूला ठेवल्या, चष्मा लावला आणि त्याच्या खांद्यावरून वाकून पाहिलं.

"हे बघ बाळा," त्या म्हणाल्या, "टायपिस्टनं आपलं डोकं चालवायचं नसतं. सांगितलं तेवढं छापायचं."